शेवडेकाकांची जीभ

आमच्या सोसायटीतले शेवडेकाका शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी चमचा ठेवतात. स्टीलचा, लहानसा, रोज घासूनपुसून लखलखीत केलेला. काही खायचं समोर आलं की काका तो चमचा काढतात, रुमालाने पुसतात, पदार्थात बुडवतात, तोंडात घालतात आणि डोळे मिटतात. मग तीन-चार सेकंद शांतता. या शांततेत भल्याभल्या बायका ओढणी चुरगाळत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांत एक, भर कोर्टात साक्षीदारांना रडवणाऱ्या वकीलबाईही होत्या.

मग काका डोळे उघडतात आणि निकाल देतात. त्यांचा सर्वांत दयाळू निकाल असा आहे : "खाण्यासारखं आहे. पुन्हा खाण्यासारखं नाही."

उष्टा चमचा ते परत बुडवत नाहीत, एवढी सभ्यता मात्र आहे. बाकी सभ्यतेचं खातं त्यांनी फार पूर्वी बंद केलं.

आठ वर्षांपूर्वी आम्ही वारज्यात राहायला आलो तो दिवस भर एप्रिलमधला होता. टेम्पोतून सामान उतरत होतं, आणि वरच्या मजल्यावरचे एक टोपीवाले गृहस्थ जिन्यात उभे राहून आमचं कपाट कसं चढवायचं ते हमालांना शिकवत होते. नवीन शेजारी म्हणून मी त्यांना पन्हं दिलं. दुकानातलं, बाटलीतलं, पाणी घालून ढवळलेलं. त्यांनी चमचा काढला. मला वाटलं, यांना ग्लासातून पिता येत नसावं. डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "बाटली छान आहे. धुऊन ठेवा. फिनेल भरायला होईल."

मी खराडीला एका कंपनीत माणसं नेमायचं आणि काढायचं काम करते. एखाद्याला 'तू निरुपयोगी आहेस' हे सांगायला आमच्याकडे पस्तीस मिनिटांची मीटिंग लागते, आणि शेवटी तो माणूस थँक यू म्हणून जातो. काकांना हेच काम आठ शब्दांत करताना पाहून मला पहिल्याच दिवशी न्यूनगंड आला.

काका पिंपरीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सुपरवायझर होते. रोज सकाळी साडेदहाला आमटीचं पातेलं उघडायचं, काकांनी चाखायचं, मगच ती कामगारांच्या ताटात जायची. एकदा डाळ तळाला लागली म्हणून त्यांनी अख्खं पातेलं ओतून द्यायला लावलं. जेवण तासभर उशिरा झालं, युनियनवाले घोषणा देत आले, आणि काका दारात उभे राहून म्हणाले, "बायको करपलेली आमटी वाढते तेव्हा घोषणा देता का? मग मी तरी का वाढू?" ही गोष्ट मी आठ वेळा ऐकली आहे. पहिल्या वेळी ते पातेलं होतं. आता त्याचा हौद झाला आहे.

निवृत्त झाल्यावर जीभ मोकळी झाली, ती सोसायटीवर आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सुनेने हौसेने साबुदाण्याच्या पापड्या केल्या, तळून आणून दिल्या. काकांनी एक उचलली, टिचकी मारून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "टाइल चांगली निघाली आहे. बाथरूमला लावा." कोणी कोकम सरबतात पुदिन्याचं पान टाकलं, तर "यात झाडपाला कोणी पाडला?" स्वारगेटला एसटीची वाट बघताना उसाचा रस घेतला, तर त्या रसवंतीवाल्याला, "हा रसातला बर्फ आहे का बर्फातला रस?" रसवंतीवाला म्हणाला, "आजोबा, पुढची गाडी पकडा." काकांना तो आवडला. त्यांच्या तोडीचं बोलणारी माणसं त्यांना आवडतात. अशी माणसं फार कमी उरली आहेत, याचं दुःखही ते तितक्याच तुच्छतेने व्यक्त करतात.

उन्हाळा हा त्यांचा मोसम. सुधाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अडुसष्ट वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, पण चैत्र लागला की गहू भिजत पडलेच. तिसऱ्या दिवशी ते वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यात भरून गच्चीवर कुरडया घालायच्या. मग पापड्या, मग सांडगी मिरची, मग मेथांबा, साखरांबा, लोणचं. आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक पापडसुद्धा मोबाइलवरून मागवतात आणि तेल नको म्हणून मशिनमध्ये हवेवर भाजतात. मीही त्यातलीच. काकू मात्र सासरी आल्यापासून पंचेचाळीस उन्हाळे हे सगळं हाताने करत आल्या. काकू बोलत नाहीत फारशा. जेवायला वाढल्यावर त्या ताटाकडे बघत नाहीत, नवऱ्याच्या तोंडाकडे बघतात. काका पहिला घास घेतात आणि म्हणतात, "हिंगाचा डबा सांडला वाटतं." किंवा, "मीठ आणायला कोणाला पाठवलं होतं? अजून आला नाही?" काकू मान हलवून आत जातात. मला ते बघून संताप यायचा. मी नवऱ्याला, नितीनला म्हणायचे, "मी असते तर ताट डोक्यावर उपडं केलं असतं." नितीन म्हणायचा, "तू असतीस तर ताटात काही नसतंच."

गच्चीवर वाळवण पसरलं की काका छत्री, टोपी आणि काठी घेऊन राखण करत बसतात. कबुतरांशी त्यांचं जुनं वैर. "ही पुण्याची नाहीत," असं ते ठामपणे सांगतात. "बाहेरून आलीत. यांना शिस्त नाही."

हे वाक्य ते ज्यांच्यासमोर पहिल्यांदा बोलले त्या माझ्या सासूबाई. सासऱ्यांच्या पश्चात दोन वर्षांपूर्वी आई वर्ध्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्या कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "मीबी बाहेरूनच आली, भाऊ. मले काठी मारता का?"

काकांनी मान वर करून पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यांना आपलं म्हातारपण चांगलं जाणार याची खात्री पटली असावी.

आईंना पुण्याचा उन्हाळा म्हणजे विनोद वाटतो. आपण इकडे अडतीसला हाशहुश करत पंख्याखाली आडवे होतो, तर त्या "याले काय ऊन म्हणते बाप्पा?" म्हणत शाल शोधतात. पण खाणं त्यांचं वर्ध्याच्या उन्हाचं. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, किसलेल्या कैरीचा आणि कांद्याचा टक्कू, आणि भाजलेल्या कैरीचं पन्हं. कैरी गॅसवर काळीठिक्कर भाजायची, साल काढायची, गर गुळात कोळायचा, वर जिरं आणि मीठ. पुण्यात कैरी उकडतात आणि वेलची घालतात, हे ऐकून आईंनी कपाळाला हात लावला होता.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी हे पन्हं शेवड्यांकडे पाठवलं. काकांनी आधी रंग पाहिला, मग चमचा घेतला, डोळे मिटले. "भोयरबाई, हे धुराड्यातून काढलंत काय?"

"अन् तुमचं मिठाईच्या दुकानातून आणलं काय? वेलची खिरीत घालते, पन्ह्यात नाही."

तेव्हापासून युद्ध सुरू झालं. आंबील पाठवली तर "खळ चांगली आहे, पत्रिका चिकटवायला उपयोगी पडेल." टक्कू पाठवला तर "कांद्याचा अंत्यसंस्कार नीट झालेला नाही." आई प्रत्येक वेळी चिडायच्या आणि दुसऱ्या दिवशी अजून काहीतरी करायच्या. मी म्हटलं, "आई, सोडा ना. त्यांना नाही आवडत." तर म्हणाल्या, "आवडत नाही तं डबा चाटूनपुसून रिकामा कसा येते?"

या वर्षी शेवडेकाकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंबेडाळ, कलिंगडाच्या फोडी, भिजवलेले हरभरे आणि पन्हं. आईंनी जाहीर केलं की यंदा पन्हं वर्ध्याचं. काकू लगेच हो म्हणाल्या. काका म्हणाले, "अग्निशमन दलाला कळवून ठेवतो."

त्या दिवशी सकाळपासून आमच्या घरात कैऱ्या भाजत होत्या. मोठं पातेलंभर पन्हं झालं. आई आंघोळीला जाताना मला म्हणाल्या, "मीठ बघून घे." कानात ऑफिसचा कॉल चालू होता, पलीकडे कोणीतरी माझ्या टीमच्या भवितव्याबद्दल बोलत होतं. बघून घे म्हणजे चाखून बघ. मी समजले, घाल. पोह्यांचा चमचा होता हाताशी, त्याने चार चमचे मीठ घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं. आईंनी आधीच मीठ घातलेलं आहे हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी शेवड्यांचा हॉल बायकांनी भरला. रिवाज असा की काकांनी चाखल्याशिवाय कोणी ग्लास तोंडाला लावायचा नाही. काका खास त्यासाठी आतून आले. आईंनी स्वतः ग्लास भरून पुढे केला. चमचा निघाला, डोळे मिटले, शांतता.

"गुळाचा हात सैल," काका म्हणाले. "अगदी गोडमिट्ट. भोयरबाई, वर्ध्याला साखर कारखान्यात माहेर आहे का?"

बायका हसल्या. आईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी स्वतःसाठी दुसरा ग्लास भरला आणि भांडायच्या तयारीने एक घोट घेतला. तो घोट त्यांनी कसा गिळला ते मी पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, गाल आत गेले. मला वाटलं, आता माझे दिवस भरले. पण आईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या काकांकडे बघत होत्या. काका अजून मघाच्याच विनोदावर खूश होते आणि ग्लासच तोंडाला लावून शांतपणे पीत होते.

समोर पंचवीस बायका होत्या. दोन वर्षं ज्या माणसाने आईंना छळलं, तो एका वाक्यात जमीनदोस्त झाला असता. वकीलबाई तर ग्लास घ्यायला हात पुढे करून उभ्याच होत्या.

"थांबा बाप्पा!" आई ओरडल्या. "माशी पडली त्यात!"

"कुठे?" वकीलबाई पुराव्यासाठी वाकल्या.

"बुडली," आई म्हणाल्या, आणि पातेलं उचलून स्वयंपाकघरात नेऊन सगळं मोरीत ओतलं. काकूंनी घाईघाईने लिंबाचं सरबत केलं. काका हॉलमध्ये सगळ्यांना सांगत होते, "वर्ध्याची माशी असणार. पुण्याची असती तर आधी चौकशी करून पडली असती."

घरी आल्यावर मी आईंसमोर गुन्हा कबूल केला. त्यांनी ऐकलं, हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "त्या माणसाले चव नाही."

"ते मी आठ वर्षं सांगतेय."

"तसं नाही वो. खरंच नाही. समुद्र पाजला मी त्याले, अन् तो गोड म्हणते."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी आठला आई गच्चीवर निघाल्या, मी मागोमाग. काका काकूंच्या कुरडयांजवळ छत्रीखाली बसले होते. खाली हायवेवर गाड्यांची रांग लागली होती. काका आम्हाला बघून म्हणाले, "या. माशी सापडली का?"

आई त्यांच्यासमोर बसल्या. "भाऊ, तुमाले चव समजत नाही ना?"

"काल तुमच्या पन्ह्याला जे बोललो ते मनाला लागलेलं दिसतंय."

"कालच्या पन्ह्यात माझ्या सुनेनं मूठभर मीठ टाकलं होतं. गूळ दिसलाबी नसता त्यात."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्यांनी काठी उचलली, नसलेल्या कबुतराला हाकललं.

"तीन वर्षं झाली," शेवटी म्हणाले. "ताप आला होता मोठा. आधी वास गेला, मग चव. डॉक्टर म्हणाले, येईल. कोणाची आली असेल. माझी नाही आली. आंबेडाळ आणि भिजवलेला पुठ्ठा, मला दोन्ही सारखंच."

"मंग आमचं सगळ्यायचं वाटोळं काऊन करत होता एवढे दिवस?"

"बंद कसं करू? मी गप्प जेवलो असतो तर सुधा दुसऱ्याच दिवशी थर्मामीटर घेऊन उभी राहिली असती. मी नाव ठेवतोय म्हणजे माझं सगळं ठीक चाललंय, असं तिला पंचेचाळीस वर्षांत समजलंय."

"म्हणजे त्यांना माहीत नाही?" मी विचारलं.

"ती कोणासाठी करते हे सगळं?" त्यांनी कुरडयांकडे बोट केलं. "मुलगी सिंगापूरला. तिला डबा पाठवतो, ती ऑफिसात वाटून टाकते. मी खातो म्हणून हिचे गहू भिजतात. मला लाकूड चघळल्यासारखं लागतं म्हणालो, तर उद्यापासून खिचडी टाकेल आणि टीव्हीसमोर बसून राहील. मग गुडघे दुखतात ते दुखतील, आणि वर करायला काही नसेल." मग नेहमीच्या सुरात यायचा प्रयत्न करत म्हणाले, "शिवाय अंदाजाने बोललं तरी दहांत सहा वेळा बरोबर येतं. तुम्हा लोकांचा स्वयंपाकच तसा आहे."

आई हसल्या नाहीत. मग काकाच म्हणाले, "भोयरबाई, तुमच्या हातचं खरं म्हणजे मी काही चाखलेलंच नाही. तुम्ही आलात त्याच्या आधीच गेली. लोक म्हणतात चांगलं असतं. मीही डबा संपवतो. काही सापडतंय का बघत."

आईंनी डोळ्यांना पदर लावला नाही, काही नाही. त्या उठल्या, उलटलेली एक कुरडई सरळ केली आणि म्हणाल्या, "सुधाताई काही केलं का मले वाटीभर पाठवते. मी खाऊन तुमाले सांगत जाईन. मंग बोलत जा काय बोलायचं ते. बोलायचं तं खरं बोला."

असा आमच्या सोसायटीतला पहिला गुप्तहेर विभाग सुरू झाला. काकूंची वाटी खाली आली की आई चाखायच्या आणि जिन्यात काकांना गाठायच्या. मी एकदा ऑफिसातून येताना ऐकलं. काका लिफ्टशी रेंगाळले होते आणि आई दबक्या आवाजात सांगत होत्या, "मेथांबा बरा हाय. मेथी कडू नाही, पण फोडणी जराशी जळाली. गूळ मस्त." काका दोन बोटं कपाळाला लावून पाठ करत होते. पहिलीतल्या पोराने कविता पाठ करावी तसे.

अक्षय्य तृतीयेला काकूंनी साखरांबा केला. सकाळी आमच्याकडे वाटी आली. आईंनी एक फोड खाल्ली, विचार केला, दुसरी खाल्ली. "लवंग जास्त झाली," म्हणाल्या आणि पदर सावरून जिन्याकडे गेल्या. दुपारी शेवड्यांनी आम्हा दोघींना जेवायला बोलावलं होतं.

काकूंनी पानं वाढली. काका पाटावर, म्हणजे गुडघ्यांमुळे आता खुर्चीवर, ऐटीत बसले होते. काकू पळी हातात धरून नेहमीसारख्या उभ्या. काकांनी साखरांब्याची फोड तोंडात टाकली. डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ लावला. नट असते तर दिग्दर्शकाने हटकलं असतं.

"पाक जमलाय," म्हणाले. "लवंग जास्त पडली. कोणाचा दात दुखत होता का?"

मी आईंकडे पाहिलं. आई पंख्याकडे बघत होत्या.

काकूंनी पळी टेबलावर ठेवली. "पडली जास्त," म्हणाल्या. "मोजताना मुलीचा फोन आला." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तीन वर्षांनी हल्ली बरोबर बोलायला लागलात."

काकांचा घास तसाच राहिला. "म्हणजे... तुला..."

"मागच्या वर्षी लोणच्यात मीठ घालायचं विसरले होते मी. तुम्ही खारट म्हणालात." काकूंनी खुर्ची ओढली. आठ वर्षांत काकूंना काकांबरोबर जेवायला बसताना मी पाहिलं नव्हतं. "मला वाटलं, तुम्हाला सांगायचं नाहीये. तर नको विचारायला. बोलताय ना, तेवढं पुरे."

"अगं, मग उन्हातान्हात कशाला करत बसलीस हे सगळं?"

"तुम्ही खाताय म्हणून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. काकूंनी स्वतःच्या पानातली एक फोड घेतली आणि सावकाश खाल्ली. मग त्यांच्याकडे वळून, लहान मुलाला रस्ता समजावून सांगावा तसं सांगायला लागल्या, "आधी आंबट लागतंय. अगदी जिभेच्या शेंड्याला. मग गोड. आता लवंग आली, थोडी झणझणली. आणि मागून केशर. घ्या, तुम्हीही घ्या, मी सांगते."

काकांनी फोड उचलली. डोळे मिटले. या वेळी निकाल द्यायला नाही.

आईंनी माझा हात धरला, आम्ही पानावरून उठलो आणि दार हळूच ओढून घेतलं. जिन्यात आल्यावर आईंनी एक मोठा श्वास सोडला.

"चाल वो," म्हणाल्या, "माही नोकरी गेली."